तीनशे अठरा किलोमीटर

दोन साडूंनी भागीदारीत एक स्पोर्ट्‌स कार घेतली आणि वीस वर्षांत ती एकदाही चालवली नाही, एवढंच कुणाला सांगितलं तर त्याला वाटेल की गाडीत काहीतरी खोट असणार. गाडीत कसलीही खोट नव्हती. खोट होती ती दोन साडूंच्या डोक्यात, आणि तीही त्यांनी मासिकं वाचून, तक्ते काढून, मोठ्या अभ्यासाने तिथे बसवून घेतली होती.

थोरले साडू विम्याचे एजंट. धाकटे शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दोघांनी ऐन उमेदीत, बायकांचा महिनाभराचा अबोला सोसून, ही गाडी घेतली ती गुंतवणूक म्हणून. गडद निळी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, दोनच माणसं बसतील एवढी, आणि बटण दाबलं की कापडी छप्पर मागे जाऊन घडी होणारं. हाताने गिअर टाकायच्या गाड्यांची ही शेवटची पिढी, असं थोरल्यांचं म्हणणं. उद्या सगळ्या गाड्या आपोआप चालायला लागल्या की लोक अशा गाडीवर जीव टाकतील, आणि त्यातही जी कमीत कमी चालली असेल तिला सोन्याचा भाव येईल. शोरूम दूरच्या शहरात होतं. तिथून गाडी आणली शोरूमच्या ड्रायव्हरने, आणि हे दोघे आपल्या जुन्या गाडीतून तिच्या मागे मागे, तो फार दामटत तर नाही ना यावर डोळा ठेवून. घरी पोचली तेव्हा मीटरवर तीनशे अठरा किलोमीटर झाले होते. त्या आकड्याला दोघांनी कुलूप घातलं.

कुलूप म्हणजे अगदी खरोखरचं. गाडी थोरल्यांच्या इमारतीखालच्या गॅरेजमध्ये. तिची बॅटरी काढून थोरल्यांच्या घरात, गॅलरीतल्या चार्जरवर; ती जोडल्याशिवाय मीटरवरचे आकडेही उमटायचे नाहीत. किल्ली दोन गल्ल्या सोडून मास्तरांच्या घरात, नकाशांच्या कपाटात. एकाला मोह झाला तरी दुसऱ्याशिवाय गाडी हलू नये, अशी ही व्यवस्था. सुरुवातीला वर्षातून एकदा मेस्त्रीला बोलावून, दोघांच्या देखत, इंजिन सुरू करून बघायचे. मग मंडळातल्या कुणीतरी सांगितलं की नुसतं सुरू करूनही झीज होते, तेव्हा तेही बंद झालं. उरलं ते रविवारी सकाळी मऊ फडक्याने पुसणं आणि लांब उभं राहून बघणं.

मंडळ म्हणजे दर गुरुवारी संध्याकाळी भरणारी या छंदातल्या लोकांची सभा. ज्या गाड्या अजून जुन्या झालेल्या नाहीत पण नव्याही राहिलेल्या नाहीत, अशांचे मालक तिथे जमून भावाची चर्चा करायचे. कुठल्या देशात लिलावात काय उठलं, व्याजदर वाढले तर काय होईल, तरुण पिढीला या गाड्यांची ओढ राहील का. मास्तर भावाचे आलेख डोंगरांच्या चढउतारासारखे रंगवून न्यायचे. दोन तास कसे जायचे ते कळायचं नाही, असं घरी येऊन सांगायचे.

मास्तरांची बायको, म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी, ते सगळं ऐकून घ्यायची आणि मान डोलवायची. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर माणसांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की समोरचं दिसत नाही हे माणसाला स्वतःहून कधीच उमगत नाही. आणि गेली बारा वर्षं या एकाच गोष्टीवर तिचं आणि ताईचं, म्हणजे थोरल्यांच्या बायकोचं, सुख उभं होतं.

कारण त्या मीटरने तीनशे अठरा ओलांडून बारा वर्षं झाली होती. हे कोपऱ्यावरच्या न्हाव्याला, समोरच्या खिडकीतल्या आजींना, मेस्त्रीला, झाडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दोघा मालकांना.

पहिल्यांदा झालं ते आईमुळे. आई शहराबाहेर, टेकडीपलीकडच्या छोट्या घरात एकटीच राहायची. एका गुरुवारी दुपारी तिचा फोन आला की पाय मुरगळलाय, उठवत नाहीये. दोघे साडू घरची गाडी घेऊन कुठल्याशा प्रदर्शनाला गेलेले. टॅक्सीवाला म्हणाला, तासभर लागेल. ताईने फोन ठेवला आणि धाकटीला एवढंच म्हणाली, "किल्ली घेऊन ये." ताई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. घाबरायचं काम तिने लहानपणापासून धाकटीवर सोपवलेलं होतं. धाकटी किल्ली घेऊन धावत पोचली तेव्हा ताई भाजी आणायच्या चाकांच्या पिशवीत बॅटरी घालून गॅरेजच्या दारात उभी होती, हातात दहा नंबरचा पाना. गाडी कुरकुरली, खोकली, आणि सुरू झाली.

आईचं हाड मोडलेलं नव्हतं. इस्पितळात न्यायला तिला त्या बुटक्या सीटवर बसवताना तिघींचा जीव मेटाकुटीला आला, आणि जागा दोनच म्हणून धाकटी आईच्या घरीच थांबली, पण एकदा बसल्यावर आई खूश. "किती खाली बसवलंत गं मला! हात बाहेर काढला तर रस्ता हाताला लागेल." परत येताना तिने बटणं दाबून बघितली आणि छप्पर उघडलं. पाय बरा झाल्यावर फोन करून म्हणाली, "आता भेटायला याल तेव्हा हीच गाडी आणा. त्या दुसऱ्या डब्यात मला मळमळतं."

तेव्हापासून गुरुवार ठरला. नवरे मंडळात गाडीचा भाव काढत असायचे आणि बायका गाडी बाहेर काढत असायच्या. सीटवरचं प्लॅस्टिक उतरवायचं, घडी करून ठेवायचं. बॅटरी जोडायची. बॅटरी काढली की रेडिओ सांकेतिक आकडा मागायचा, आणि तो आकडा कागदपत्रांच्या सीलबंद पाकिटात, म्हणून बारा वर्षं त्या गाडीत गाणं कधी वाजलं नाही. दोघी बोलायच्या. नाहीतर ताई स्वतः गायची, आणि ते थांबवायला धाकटी जोरात चालवायची. परत आलं की पुसायचं, प्लॅस्टिक चढवायचं, आवरण घालायचं, बॅटरी चार्जरवर. मेस्त्री तेलपाणी बघायचा. टायर झिजले तेव्हा दोघींनी आपल्या पैशांनी नवे घातले, आणि पुढच्याच रविवारी मास्तर साडूंना म्हणाले, "बघा, इतक्या वर्षांचे टायर, पण कसे कोरे करकरीत!" धाकटीला त्या दिवशी हसू आवरायला तोंडात फडकं कोंबावं लागलं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. घर विकलं गेलं. तरी पुढच्या गुरुवारी ताई खाली चाकांची पिशवी घेऊन उभी होतीच. दोघी त्याच रस्त्याने टेकडीपलीकडे जायच्या, पाण्याच्या टाकीपाशी थांबायच्या, थर्मासमधला चहा प्यायच्या आणि परत यायच्या. त्याला नाव काही नव्हतं.

आणि अशा सगळ्यात एका गुरुवारी मास्तर शीळ घालत घरी आले.

"अगं, ठरलं! विकायची."

धाकटीच्या हातातला डबा जागच्या जागी राहिला. "काय विकायची?"

"गाडी! भाव तिप्पट झालाय. साडू म्हणतात, यापुढे काही सांगता येत नाही. पेट्रोलच महागलं, नाहीतर मिळेनासं झालं, तर कोण घेणार? डोंगराच्या माथ्यावर आहोत तोवर विकायची. एक संग्राहक तयारही आहे. त्याच्याकडे म्हणे काचेची खोली आहे. एसी. गाडी तिथे कायमची उभी राहणार. शनिवारी गाडीची किंमत ठरवायला व्हॅल्युअर बाई येतायत."

मास्तर इतके आनंदात होते की तिचा चेहरा त्यांनी पाहिलाच नाही. धाकटीने स्वयंपाकघरात जाऊन ताईला फोन लावला. ताईकडेही तीच बातमी पोचली होती.

"मीटर," धाकटी कुजबुजली.

"हो, मीटर," ताई म्हणाली. "दिसेलच."

"मेस्त्रीला सांगून मागे फिरवता येतं का गं ते?"

"मुळीच नाही. आजवर आपण कधी खोटं बोललो का? कुणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. आता विचारलं तर सांगायचं."

"मीटरचं जाऊ दे ताई. गाडीच गेली तर?"

"शनिवारी बघू," म्हणून ताईने फोन ठेवला. ताईने काही 'बघू'वर सोडलं हे धाकटीच्या आयुष्यात फारच कमी वेळा घडलं होतं, आणि त्यामुळे तिला मीटरपेक्षा जास्त भीती वाटली. काचेच्या खोलीत उभी असलेली ती निळी गाडी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी सकाळी व्हॅल्युअर बाई आल्या. मध्यम वयाच्या, केस आखूड कापलेले, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. चहा नको म्हणाल्या आणि थेट कामाला लागल्या. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र दारांना लावलं, झोपून गाडीखाली टॉर्चचा झोत टाकला, रबर दाबून पाहिलं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लग्नात मुलीकडच्यांनी उभं राहावं तसे हात बांधून बाजूला. मास्तर मागून आलेख घेऊन. ताई आणि धाकटी गॅरेजच्या दारात.

"किती चाललीय म्हणालात?"

"तीनशे अठरा," दोघे साडू एकदम म्हणाले.

बाईंनी एकवार टायरकडे पाहिलं, एकवार त्यांच्याकडे. "बॅटरी आणा."

भाऊजींनी बॅटरी आणली, मास्तरांनी किल्ली काढली. दोघांनी एकमेकांकडे अशा अभिमानाने पाहिलं की धाकटीला क्षणभर त्यांची कीव आली. बाईंनी बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"बघा!" भाऊजी ओरडले. "इतकी वर्षं उभी आणि पहिल्या फटक्यात! याला म्हणतात निगा!"

"मीटरवर एकतीस हजार आठशे सेहेचाळीस आहेत," बाई म्हणाल्या.

गॅरेजमध्ये इंजिनाशिवाय कसलाही आवाज उरला नाही. मग बाईंनी तेही बंद केलं.

"मीटर बिघडलंय," भाऊजी म्हणाले.

"बिघडलेलं मीटर अडकतं. असं पळत नाही."

भाऊजी सावकाश साडूंकडे वळले. "मास्तर, किल्ली तुमच्याकडे असते."

"आणि बॅटरी? ती काय माझ्या कंपासपेटीत असते?"

"मी चालवीन? माझी पाठ काय सांगते ठाऊक आहे ना तुम्हाला? मला साधं मोजे घालताना खाली वाकवत नाही!"

"तेच म्हणतो मी. ती पाठ एवढी कशाने धरली?"

"मास्तर! तोंड सांभाळून!"

"सभेला दर गुरुवारी उशिरा कोण येतं?"

"आणि मध्येच फोन घ्यायला बाहेर कोण जातं?"

वीस वर्षं ज्यांनी एकमेकांना टाळी दिल्याशिवाय वाक्य संपवलं नाही ते दोघे आता गॅरेजमध्ये लालबुंद होऊन उभे होते. भाऊजींनी किल्ली-बॅटरीची व्यवस्था कुणाच्या सांगण्यावरून झाली ते काढलं, मास्तरांनी गाडी घेताना जास्त वेळ रांगेत कोण उभं होतं ते काढलं. धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर तावातावाने म्हणाले, "थांबा, मी दाखवतोच तुम्हाला, ही सीट बघा कुणाच्या मापाची आहे!" आणि दार उघडून आत बसायला गेले.

मास्तर चांगले सहा फुटी. ते आत बसले तर खरे, पण गुडघे स्टिअरिंगला अडकले आणि हनुवटीपाशी आले. त्यांना पुढेही होता येईना आणि मागेही. तसेच अडकलेले ते आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग पाय जिथे पोचायला हवेत तिथे बघितलं. भाऊजी त्यांच्याहून दोन बोटं उंचच. मास्तरांनी हळूच मान वळवून आपल्या बायकोकडे पाहिलं.

"आम्ही चालवतो," ताई म्हणाली. "बारा वर्षं. दर गुरुवारी."

भाऊजींच्या तोंडून पहिला शब्द आला तो त्यांच्या धंद्याला शोभेल असाच. "विम्याशिवाय?"

"विमा आहे. दर वर्षी सही तुम्हीच करता."

"मी?"

"कागद पुढ्यात ठेवले की करता. लोकांना मात्र सांगता, वाचल्याशिवाय सही करू नका."

व्हॅल्युअर बाईंना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना, तेव्हा धाकटीने त्यांना पाणी आणून दिलं. मग तिने आणि ताईने मिळून मास्तरांना बाहेर ओढून काढलं.

बाईंनी आपलं काम पुरं केलं. गाडी स्वतः चालवून एक फेरीही मारून आल्या. परत आल्यावर गॅरेजमधल्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि दोघा साडूंना समोर बसवून सांगू लागल्या. धाकटीला वाटलं, आपण दुकानात चष्म्याचा नंबर सांगतो तो असाच आवाज.

"या गाड्या तीन तऱ्हेच्या असतात. एक, अजिबात न चाललेली, पण दर वर्षी पैसे ओतून आतून जिवंत ठेवलेली. तिला तुम्ही म्हणता तो तिप्पट भाव येतो. दुसरी, नीट चालवलेली. तिसरी, नुसती उभी राहून वाळलेली, आणि मालक तिला पहिलीच समजत असतात. खरं सांगते, मी इथे आले ती तिसरी बघायच्या तयारीने."

"आमची?" मास्तरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"दुसरी. उत्तमातली उत्तम दुसरी. तिप्पट विसरा. काचेच्या खोलीवाले हिच्याकडे ढुंकून बघणार नाहीत. तुम्ही घेतलीत त्याच्या दीडपट येईल, चालवणारं गिऱ्हाईक मिळालं तर."

भाऊजींनी कपाळ धरलं. "म्हणजे निम्मी किंमत या दोघींनी रस्त्यावर सांडली."

"तुमच्या पद्धतीने ठेवली असतीत तर दीडपटही आली नसती," बाई म्हणाल्या.

"बरं, पण पुढे?" भाऊजी तरीही भाऊजीच. "पुढचा अंदाज काय?"

"हळूहळू वाढेल. हाताने गिअर टाकायची मजा ज्यांना हवी ते लोक लगेच संपत नाहीत. श्रीमंत व्हाल असं मी सांगणार नाही. बुडालही नाही. एक मात्र आहे. तीनशे अठरावर असताना प्रत्येक किलोमीटरला तुमच्या खिशाला भोक पडलं असतं. घसरायची ती किंमत आता घसरून झाली. यापुढे ही आणखी पाच-सात हजार चालली तरी भावात म्हणण्यासारखा फरक पडत नाही."

"मग विकू की ठेवू?"

"ते माझ्या फीमध्ये बसत नाही," बाई म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावून निघाल्या. जाता जाता धाकटीजवळ थांबून म्हणाल्या, "दुसरा गिअर टाकताना जरा धीर धरत जा. बाकी छान."

त्या गेल्यावर भाऊजी उठले. त्यांनी मनाशी सगळं जुळवलं होतं. "दीडपट तर दीडपट. आजच्या आज जाहिरात टाकतो. ही गाडी आता माझ्या डोळ्यांसमोर नको. मास्तर, तुमची संमती लागेल. दोघांची सही."

बारा वर्षं धाकटीला चोरी पकडली जायची भीती वाटत आली होती. आता ती पकडली गेली होती आणि तिचं काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की मास्तरांनी हो म्हणू नये. आणि मास्तरांनी साडूंना कधी नाही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

मास्तर गाडीकडे बघत होते. मग ते अगदी सावकाश, वर्गात एखादा अवघड प्रश्न पहिल्यांदाच सुचावा तसे म्हणाले, "अगं, चालवायला कशी आहे ही?"

वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मंडळात नाही, घरात नाही.

"बसा," धाकटी म्हणाली.

तिने सीट पुढे ओढली, आरसा बघितला, बटण दाबून छप्पर मागे टाकलं. "कापडाला घडी पडेल," मास्तर सवयीने म्हणाले. "पडू दे," ती म्हणाली. गल्लीतून बाहेर पडताना न्हाव्याने दुकानातून हात केला. समोरच्या खिडकीतल्या आजींनीही केला, पण मास्तरांना बघून त्यांचा हात अर्ध्यावरच थांबला.

शहर संपेपर्यंत मास्तर दाराची मूठ घट्ट धरून होते. टेकडीचा रस्ता लागला तसं धाकटीने गिअर खाली टाकला, मागून इंजिनाचा आवाज भरून आला आणि वळणामागून वळण सुटत गेलं. मास्तरांना तो रस्ता नकाशावर तोंडपाठ होता. किती चढ, कुठे उतार, कुठला ओढा. पहिल्या वळणावर त्यांनी टेकडीची उंची सांगितली. दुसऱ्या वळणावर काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तिसऱ्या वळणावर ते तसंच उघडं राहिलं. वाऱ्याने त्यांचे उरलेसुरले केस उभे केले. आणि मग मास्तर हसायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. धाकटीने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाखेरीज त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

टाकीपाशी तिने गाडी थांबवली.

"इथे यायचात दोघी?"

"आई होती तोवर आईकडे. आता इथवर."

"आई जाऊन तीन वर्षं झाली."

"हो."

मास्तर तिच्याकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

धाकटीला एकदम भरून आलं. एवढी वर्षं जे बोलायची गरजच पडली नव्हती ते तिने एका दमात बोलून टाकलं. "ताई बाकीच्या वेळी सगळ्यांची असते हो. मुलांची, भाऊजींची, इस्पितळाची. आई गेल्यावर तर आमच्या भेटी म्हणजे कुणाचं आजारपण नाहीतर कुणाचं कार्य. या गाडीत तिसऱ्याला जागाच नाही. इथे ती फक्त माझी ताई असते. मला भाव कळत नाही. तिप्पट असू दे नाहीतर शून्य असू दे. एवढं मात्र काढून घेऊ नका."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला. मग घसा खाकरून म्हणाले, "मला चालवायला देशील?"

सीट पूर्ण मागे नेली तेव्हा मास्तर कसेबसे मावले. गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा ती अशी उसळली की थर्मास ठेवायच्या जागेतलं फडकं उडून धाकटीच्या मांडीवर आलं. "क्लच हळू सोडा, हळू! शाळेची घंटा आहे का ती?" ती ओरडत होती आणि मास्तर घामाघूम होऊन हसत होते. उतारावरून ते इतके सावकाश आले की एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं, आणि त्याचंही मास्तरांना कौतुक वाटलं.

गॅरेजपाशी भाऊजी फोनवर जाहिरातीचा मजकूर घेऊन तयार होते. "हे बघा मास्तर, 'महिलांनी वापरलेली' असं लिहिलं तर भाव चढेल का?"

"माझी सही मिळणार नाही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"नाही म्हणतोय मी, साडू. विकायची नाही."

भाऊजींनी मास्तरांच्या उभ्या राहिलेल्या केसांकडे पाहिलं आणि त्यांना उन्हाचा झटका बसला असावा अशी त्यांची खात्री झाली. वादाला तोंड फुटणार, तोच ताईने त्यांच्या हातातला फोन काढून धाकटीकडे दिला. "चला. बसा गाडीत."

"माझी पाठ..."

"पाठीला काही होत नाही. आईचा मुरगळलेला पाय बसला होता तिथे."

ताई धाकटीपेक्षा जोरात चालवायची. गल्लीच्या टोकाला गाडी वळली तेव्हा भाऊजींचा एक शब्द हवेत राहिला, तो बहुधा "हळू" असावा. मास्तर आणि धाकटी उलट्या बादल्यांवर शेजारी शेजारी बसून राहिले. चहा झाला. दुसराही झाला. वाटलं होतं त्याहून बरीच जास्त वाट बघायला लागली, तेव्हा मास्तर काळजीत पडले आणि धाकटी मनातल्या मनात खूश झाली.

शेवटी गाडी आली. चालवत भाऊजी होते. ताई शेजारी, डोळे मिटून, आणि तिचे ओठ हलत होते, म्हणजे ती एकतर गात होती नाहीतर मोजत होती. भाऊजी उतरले ते पाठ सरळ ठेवून, एकदाही न कण्हता. शर्टाची दोन बटणं उघडी. चेहऱ्यावर असं काही होतं की मास्तरांनी काही विचारलंच नाही, नुसता हात पुढे केला. भाऊजींनी त्यावर सणसणीत टाळी दिली.

"मास्तर," ते म्हणाले, आणि दम घ्यायला थांबले. "ती टाकीजवळची दोन वळणं. ती लागोपाठची. अहो, आपण वीस वर्षं काय करत होतो?"

"आलेख," मास्तर म्हणाले.

दोघे गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून एकदम बोलायला लागले. कुठल्या वळणावर कुठला गिअर, क्लच किती दाबायचा, छप्पर उघडं बरं की बंद. साडूंचं भांडण कुठल्या कुठे गेलं. फोनमधली जाहिरात धाकटीने आपणहून पुसून टाकली, आणि ती कुठे गेली असं कुणी विचारलंही नाही. ताई बादलीवर येऊन बसली आणि तिने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. दोघींच्या अंगातली दोन दिवसांची भीती आता कुठे सैल होत होती.

"तर मग ठरलं," भाऊजी म्हणाले. "सभेला मारा गोळी. या गुरुवारी आपण दोघं निघू. चार वाजता. नुसती टाकी नाही, थेट धरणापर्यंत. पुढच्या गुरुवारी..."

ताईचा हात धाकटीच्या पाठीवर थबकला. ती काही बोलायच्या आत धाकटी उठली. आयुष्यभर घाबरायचं काम जिच्याकडे होतं ती सरळ दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि भाऊजींच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"गुरुवार नाही," ती म्हणाली. "गुरुवार आमचा. बाकीचे सहा दिवस तुम्ही दोघं वाटून घ्या."

भाऊजींनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी भाऊजींकडे. "पण मग गुरुवारी संध्याकाळी आम्ही करायचं काय?"

"सभेला जा की," धाकटी म्हणाली. "भाव नको का काढायला?"